आसन कधी सोडायचे?

चार वर्षे नियमाने योगाच्या वर्गाला जाऊनही जी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, ती वर्ग सहा आठवडे बंद राहिला तेव्हा दुसऱ्याच दिवशी लक्षात आली. मला एकट्याला योगाभ्यास करता येत नव्हता.

आसने येत होती. त्यांची नावे, पूर्वस्थिती, पूर्णस्थिती, श्वास कोठे घ्यायचा आणि कोठे सोडायचा, हे सारे पाठ होते. घरी चटई अंथरली, ताडासन केले, दोन्ही बाजूंचे त्रिकोणासन केले, आणि त्यानंतर पुढे काय करायचे हे न सुचून मी चटईच्या मध्यभागी नुसता उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी अकरा मिनिटांत सगळे आटोपले आणि पाचव्या दिवशी चटई गुंडाळलेलीच राहिली. वर्गात सव्वा तास कसा जातो हे कळत नसे. तोच मी घरी पंधरा मिनिटे काढू शकत नव्हतो. याला आळस म्हणून मोकळे होणे सोपे होते आणि काही दिवस मी तसे म्हटलेही. पण आळस असता तर मी चटईपर्यंतही गेलो नसतो.

विचार करता करता ध्यानात आले की पुढचे आसन न सुचणे ही अडचणीची वरची बाजू होती. खरी अडचण हातातले आसन सोडण्याची होती. आमच्या योगशिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे ‘बाई’ म्हणतो, वर्गात एका ठरलेल्या शांत स्वरात ‘सावकाश सोडा’ असे म्हणतात आणि तीस जण एकाच वेळी सावकाश सोडतात. चार वर्षांत एकदाही आसन कधी सोडायचे हे मी ठरवलेले नव्हते. आता ते ठरवण्याची वेळ आली तेव्हा मी आधी जरा ताण जाणवला की आसन सोडू लागलो, मग त्याची लाज वाटून दात-ओठ खात तीसपर्यंत आकडे मोजू लागलो. या दोन्ही वागण्यांत शरीराकडे पाहणे नव्हतेच. पहिल्यात मी माझ्या नकोसेपणाचे ऐकत होतो आणि दुसऱ्यात आकड्याचे.

पतंजलींनी योगसूत्रांत आसनाविषयी जी तीन सूत्रे लिहिली, त्यांतले पहिले, ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे स्थिर आणि सुखकर ते आसन, सर्वांना ठाऊक असते. त्याच्या लगेच पुढचे सूत्र, ‘प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्’, मात्र वर्गांमध्ये क्वचित ऐकू येते. आसन सिद्ध व्हायचे ते प्रयत्न सैल केल्याने, असे त्याचा पहिला अर्धा भाग सांगतो. आता प्रयत्न सैल कधी झाला आणि कधी केवळ आपणच ढिले पडलो, हा फरक बाहेरून येणाऱ्या सूचनेवर आसन सोडणाऱ्याला कळणार तरी कसा? वर्गाने मला आसने दिली होती. हा फरक ओळखण्याची गरज मात्र वर्गात कधी पडलीच नव्हती. यात वर्गाचा दोष आहे असे मी मानत नाही, कारण तीस जणांना एकत्र शिकवायचे तर एकाच सुरात सांगावे लागते.

वर्ग पुन्हा सुरू झाल्यावर मी बाईंना घरी करण्यासाठी एक क्रम लिहून मागितला. माझी अपेक्षा होती की एक भरगच्च कागद मिळेल. त्यांनी कागद दिला नाही, दोन प्रश्न विचारले. तुमच्या दिवसात खरोखर रिकामी असणारी वेळ कोणती, आणि सर्वांत वाईट दिवशीही तुम्ही किती मिनिटे देऊ शकाल? पहिल्या प्रश्नाला मी पहाट असे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले की गेल्या महिन्यात किती पहाटे उठलात. अखेर कामावरून परतल्यानंतरची आणि जेवणाआधीची वेळ ठरली, आणि मिनिटे ठरली बारा. त्या बारा मिनिटांत श्वासाच्या लयीवर मार्जारासनाच्या सहा आवृत्त्या, दोन्ही बाजूंचे त्रिकोणासन, सेतुबंधासन आणि शेवटी तीन मिनिटांचे शवासन, इतकेच बसवायचे होते. चार वर्षांच्या विद्यार्थ्याला हे देणे मला किंचित अपमानकारक वाटले, हे कबूल केले पाहिजे.

त्यावर त्यांनी योगसूत्रांच्या पहिल्या पादातले चौदावे सूत्र उलगडून सांगितले: ‘स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः’. दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केलेला अभ्यासच पक्का पाया धरतो. दीर्घकाळ म्हटले आहे, रोज दीर्घ वेळ असे म्हटलेले नाही, हा त्यांचा मुद्दा. त्यातही ‘सत्कार’ या शब्दावर त्या अधिक थांबल्या. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्य या जुन्या टीकेत त्याचा अर्थ तप, ब्रह्मचर्य, विद्या आणि श्रद्धा यांनी युक्त असा लावला आहे; बाईंनी मात्र मला पुरेल एवढाच भाग घेतला आणि चटई अंथरताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, एवढा एकच सत्कार माझ्यावर सोपवला.

आसन कधी सोडायचे यालाही त्यांनी नियम दिला नाही, खूण दिली. आसनात असताना श्वास ज्या क्षणी तुटक होतो, अडकतो किंवा नाकपुड्यांशी आवाज करू लागतो, त्याच्या एक श्वास आधी सोडायचे. ‘एक श्वास आधी’ हे शब्द मला प्रथम कोड्यासारखे वाटले, कारण तुटण्याआधी तुटणार हे कळायचे कसे? पण काही आठवडे रोज तेच त्रिकोणासन केल्यावर श्वास तुटण्यापूर्वी काय काय होते ते दिसू लागले. आधी जबडा आवळला जातो, मग वरच्या हाताची बोटे ताठ होतात, मग मागच्या पायाची टाच हलकी होते आणि त्यानंतर श्वास बिघडतो. ही साखळी रोज वेगवेगळी आसने केली असती तर मला दिसली नसती, आणि तीन आसनांचा अपमान मी त्यानंतर विसरलो.

विसरलो म्हणजे पुरता नव्हे. पाचव्या महिन्यात मी बाईंना न विचारता पश्चिमोत्तानासन क्रमात घातले, आणि ते घालण्यामागे वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या एका तरुणाचे कपाळ गुडघ्यांना लागते याखेरीज दुसरे कारण नव्हते. तीन आठवड्यांत उजव्या बैठकीच्या हाडापाशी एक बारीक, खोल दुखणे सुरू झाले, जे चालताना जाणवत नसे पण बसले की डोके वर काढी. मी ते ‘ताणले जात आहे, म्हणजे सुधारते आहे’ असे समजून आणखी वाकत राहिलो.

बाईंनी आसन करून दाखवायला सांगितले आणि एका नजरेत काय ते ओळखले. मी खुब्यातून वाकत नव्हतो, पाठीतून वाकत होतो. मांडीच्या मागचे स्नायू आखूड असले की ते बैठकीच्या हाडांना खाली ओढून धरतात, कटी मागे कलते, आणि पुढे जाण्याच्या हट्टापायी पाठीला कमान येते. सारा ताण मग स्नायूच्या मधल्या भरीव भागावर न पडता तो हाडाला जेथे जोडलेला असतो त्या कंडरेवर पडतो. कंडरेला स्नायूच्या मानाने रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे तेथील दुखापत बरी होण्यास बराच वेळ घेते. मांडीच्या मधोमध जाणवणारा ताण आणि हाडापाशी टोचणारे दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. खरे तर मी कोणाला विचारलेच नव्हते. त्यांनी मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवले, पुढे वाकण्याची सर्व आसने तीन महिन्यांसाठी काढून टाकली, आणि नंतर परत दिली ती दुमडलेल्या ब्लँकेटवर बसून, गुडघे किंचित वाकवून. कपाळ आजही गुडघ्यांपासून पुष्कळ लांब आहे.

स्वतःचे व्हिडिओ काढून पाहिले असते तर ही चूक कळली नसती का, असे कोणी विचारील. मी व्हिडिओ काढले होते, आणि त्यांत मला फक्त कपाळ आणि गुडघे यांच्यातले अंतर दिसत होते. आपण जे शोधतो तेच आपल्याला दिसते, ही एक अडचण. दुसरी अधिक अवघड आहे. ताडासनात माझा भार नेहमी टाचांवर असे. बाईंनी एकदा मागे उभे राहून मला सरळ केले तेव्हा मी पुढे तोंडावर पडणार असे वाटले, पण प्रत्यक्षात त्या क्षणी मी पहिल्यांदा सरळ उभा होतो. सवयीचा वाकडेपणा शरीराला सरळ वाटतो, आणि तो ओळखण्यासाठी आपल्या शरीराबाहेरचा, शिकलेला डोळाच लागतो. म्हणून एकट्याने करण्याचा अभ्यास शिक्षकाशिवाय करावा असे मला मुळीच वाटत नाही. एकट्याने केल्यानेच शिक्षकाला विचारण्याजोगे प्रश्न तयार होतात; वर्गातल्या चार वर्षांत मी बाईंना जेवढे प्रश्न विचारले त्याहून अधिक त्या पहिल्या वर्षात विचारले.

शिक्षक काय देतात यापेक्षा काय देत नाहीत, हे मला आता अधिक मोलाचे वाटते. आम्ही काही जण आठवड्यातून एकदा एकत्र अभ्यास करतो, त्या गटातल्या एका ताईंना काचबिंदू आहे. शीर्षासनासारख्या उलट्या स्थितींमध्ये डोळ्यांतला दाब वाढतो, म्हणून त्यांच्या क्रमात अशी आसने नाहीत आणि पुढेही येणार नाहीत. पडद्यावरचा शिक्षक कितीही उत्तम असला तरी तो समोरच्याला काचबिंदू आहे का असे विचारून थांबत नाही. प्राणायामाच्या बाबतीत तर बाई कमालीच्या सावध आहेत. चार मोजून पूरक, म्हणजे श्वास घेणे, आणि सहा मोजून रेचक, म्हणजे तो सोडणे, यापलीकडे त्यांनी मला दीड वर्ष काही दिले नाही. कुंभक, म्हणजे श्वास रोखणे, मागितला तेव्हा त्यांनी हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथातला श्लोक ऐकवला, ज्यात म्हटले आहे की सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळूच वश होतात तसाच प्राणवायूही वश होतो, नाहीतर तो साधकालाच मारतो. श्लोकातली धमकी त्या हसत हसत सांगतात, पण कुंभक मात्र देत नाहीत.

आता गटाविषयी. स्वात्मारामांनी पंधराव्या शतकात लिहिलेल्या या हठप्रदीपिकेच्या पहिल्याच उपदेशात साधकाने एकांतात, लहानशा मठीत राहावे असे सांगितले आहे, आणि थोडे पुढे योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत अत्याहार (अति खाणे), प्रयास (अति श्रम), प्रजल्प (फार बोलणे), नियमाग्रह आणि लौल्य (चंचलता) यांच्या बरोबरीने ‘जनसंग’, म्हणजे लोकांचा सहवास, हाही मोजला आहे. हे वाचून मी काहीसा खजील झालो होतो, कारण माझा अभ्यास जनसंगाशिवाय टिकलाच नसता. मात्र त्या दोन श्लोकांच्या मधल्या श्लोकात गुरूने उपदेशिलेल्या मार्गानेच योग करावा असे म्हटले आहे, म्हणजे एकांतातला साधकही अगदी एकटा नाही. आणि आमच्या गटात जे घडते त्याला जनसंग म्हणावे का, याविषयी मला शंका आहे.

आम्ही सात जण आठवड्यातून एकदा एका खोलीत जमतो आणि प्रत्येक जण स्वतःला दिलेला क्रम न बोलता करतो. सूचना देणारे कोणी नसते. ही कल्पना आमची नव्हे. म्हैसूरला योगाचार्य तिरुमलै कृष्णमाचार्यांकडे शिकलेले योगशिक्षक पट्टाभि जोइस याच रीतीने शिकवीत: विद्यार्थी एकाच दालनात, क्रम ठरलेला, पण प्रत्येकाची गती आणि पोहोचण्याचा टप्पा आपापला, आणि शिक्षक त्यांच्यामधून फिरत ज्याला हवी त्याला मदत करणार. त्याच कृष्णमाचार्यांकडे 1934 साली गेलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी पुढे ब्लँकेट, पट्टा, ठोकळा आणि खुर्ची यांच्या आधाराने आसन प्रत्येकाच्या शरीराजवळ आणले. आणि कृष्णमाचार्यांचे पुत्र टी. के. व्ही. देशिकाचार यांनी एका वेळी एकाच विद्यार्थ्याला, त्याच्या प्रकृतीनुसार शिकवण्यावर भर दिला. एकाच गुरूच्या तीन शिष्यांनी ‘सर्वांचे’ आणि ‘माझे’ यांची सांगड तीन तऱ्हांनी घातली, हे मला फार बोलके वाटते. आमच्या गटाने क्रम देशिकाचारांसारखा प्रत्येकाचा वेगळा ठेवला आहे, खोली जोइसांसारखी एक ठेवली आहे, आणि ब्लँकेट तर मला अय्यंगारांच्या वाटेनेच मिळाले आहे.

त्या खोलीत मला काय मिळते हे नेमके सांगणे कठीण आहे. शेजारच्या श्वासाचा आवाज आपल्या श्वासाला आवरतो, एवढे मात्र खरे. घरी मी ज्या जागी हमखास घाई करतो, त्या शवासनाच्या आधीच्या क्षणी, खोलीत इतर सहा जण घाई करीत नसतात. आमच्यातले एक काका सत्तरीचे आहेत आणि बहुतेक आसने खुर्चीवर करतात. त्यांचे आसन घेणे साधे असते, पण सोडणे पाहण्यासारखे असते: हात जितक्या वेळात वर गेला, बरोबर तितक्याच वेळात तो खाली येतो, शेवटच्या वीतभर अंतरातही तो निसटत नाही. मी ते मुद्दाम पाहत नाही, तरी डोळ्यांच्या कडेने ते दिसते आणि माझाही हात सावकाश उतरतो.

गट सुरुवातीपासून असा नव्हता. पहिल्या काही महिन्यांत आम्ही हजेरीचा एक तक्ता ठेवला होता, ज्यात प्रत्येकाने घरी अभ्यास केलेल्या दिवसापुढे खूण करायची आणि सलग दिवसांची संख्या लिहायची. महिनाभर सर्वांना हुरूप आला. मग मी एकदा अंगात ताप असताना केवळ एकेचाळीसचा आकडा मोडू नये म्हणून बारा मिनिटे रेटली, आणि नंतर कळले की दुसऱ्या कोणी तर न करताच खूण केली होती. तो दोष कोणा एकाचा नव्हता, तक्त्याचाच होता. ‘नियमाग्रह’ या शब्दाची फोड दोन प्रकारे होते, हे बाईंनी तेव्हा सांगितले: नियम अधिक आग्रह, म्हणजे नियमाचा हट्ट, किंवा नियम अधिक अग्रह, म्हणजे नियम मुळीच न धरणे. दोन्ही फोडी व्याकरणाने चालतात आणि दोन्ही प्रकारांनी योग बिघडतो. आमच्या तक्त्याने एकाच महिन्यात दोन्ही अर्थ सिद्ध करून दाखवले होते. तक्ता गेला. आता सलग काही दिवस कोणाचा निरोप नसेल तर दुसरा कोणी ‘शनिवारी येताय ना?’ एवढेच विचारतो, आणि का आला नाहीत हे विचारायचे नाही असे ठरलेले आहे.

दुसरा नियम सल्ल्याचा. अभ्यासानंतर आम्ही दहा मिनिटे बोलतो, पण स्वतः काय केले आणि काय जाणवले एवढेच सांगायचे. दुसऱ्याने काय करावे हे कोणी सांगायचे नाही. हा नियम पाळणे तीन महिने शक्य झाले नाही, इतकी सल्ला देण्याची खाज आपल्यात भिनलेली असते. माझ्या दुखऱ्या मांडीसाठी मला एका शनिवारी पाच निरनिराळे उपाय मिळाले होते, त्यांतले दोन एकमेकांच्या अगदी विरुद्ध. शास्त्रकारांनी प्रजल्पाला नाशाच्या यादीत का घातले असावे ते त्या दिवशी मला पटले. सल्ला बाई देतील, त्या महिन्यातून एकदा येतात. बाकीच्यांनी सोबत द्यावी, ही वाटणी आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे.

पतंजलींनी सांगितलेल्या नऊ अंतरायांपैकी, म्हणजे योगातल्या अडथळ्यांपैकी, आलस्य आणि स्त्यान (मनाची मरगळ) यांच्यावर गटाचा इलाज चालतो, संशय आणि भ्रांतिदर्शन (चुकीची समजूत) यांच्यावर शिक्षकांचा चालतो, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. शेवटचा अंतराय, अनवस्थितत्व, म्हणजे जेथे पोहोचलो तेथे टिकता न येणे, हा मात्र कोणावर सोपवता येत नाही. त्याच्यासाठी माझ्याकडे एक वही आहे. तारीख, किती वेळ, कोणत्या क्रमाने, आणि एक निरीक्षण, इतके मी रोज लिहितो. बाई महिन्याला ती वाचतात आणि क्रमात एकच बदल करतात. एकदा त्यांनी ओळखले की झोप कमी झालेल्या दिवशी मी सेतुबंधासनात नेहमीपेक्षा जास्त वेळ राहतो आणि शवासन कापतो. मी स्वतः ती वही रोज लिहीत असूनही हे मला दिसले नव्हते. त्या महिन्यात त्यांनी नवे काही दिले नाही, शवासन मात्र पाच मिनिटांचे केले.

गेल्या महिन्यात त्यांनी वही वाचली, मिटली आणि परत दिली. बदल काय, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘या वेळी तुम्ही सांगा. काय बदलायचे आणि का, ते लिहून आणा.’ तेव्हापासून वहीच्या शेवटच्या पानावर मी दोनदा लिहून दोनदा खोडले आहे. पहिल्यांदा त्रिकोणासनाच्या जागी अर्धचंद्रासन लिहिले होते, आणि ‘का’ या प्रश्नापुढे लिहिण्यासारखे प्रामाणिक असे काही सापडले नाही. दुसऱ्यांदा काहीच बदलू नये असे लिहिले, तर तेही केवळ चूक होईल या भीतीने लिहिले होते. आज त्रिकोणासनात डाव्या बाजूला जबडा आवळण्याआधी दोन श्वास जास्त मिळाले, उजव्या बाजूला मिळाले नाहीत. शनिवारला अजून चार दिवस आहेत.